गिटारचा ब्रिज, ट्यूनर आणि पिकअपची झाकणं: झिजलेल्या धातूचं काम घरी कसं करावं

इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड आणि रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो धातूचा भाग), ट्यूनर (तारा ताणायच्या चाव्या) आणि पिकअपची (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकी भागाची) झाकणं यांची रया चार-दोन पावसाळ्यांतच जाते. आपल्या सांगली-मिरजेकडे त्याची कारणं दोन, घाम आणि ओल. मार्च ते मे या दिवसांत वाजवणाऱ्याच्या तळव्याचा घाम थेट ब्रिजवर उतरतो. पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं. जूननंतर कृष्णाकाठची हवा दमट झाली की तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आतल्या धातूपर्यंत पोचतं. गिटार उन्हाळाभर वाजवून पावसाळ्यात पेटीत बंद ठेवली, तर गणपतीत बाहेर काढताना ब्रिजवर तांबूस नाहीतर हिरवट ठिपके दिसतात ते यामुळेच.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी पॉलिशच्या डबीकडे जातो. तो थोडा आवरा. समोरचा तुकडा कोणत्या धातूचा आहे आणि त्यावर मुलामा कशाचा आहे, हे कळल्याशिवाय त्यावर काहीही घासू नका आणि तो कशातही बुडवू नका. एका धातूला तारणारं औषध दुसऱ्याला खाऊन टाकतं, आणि घासून गेलेला थर घरी परत चढवता येत नाही. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. गिटार १९५० किंवा १९६० च्या दशकातली असेल, घरातल्या कुणी परदेशातून आणलेली असेल, तर तिच्या मूळ धातूकामावर नवा मुलामा चढवू नका. जुन्या वाद्यांच्या बाजारात मूळ, झिजलेल्या भागांनाच किंमत असते. तिथे हलकी सफाई आणि मेणाचा हात एवढंच पुरे. खालच्या पायऱ्या रोज वाजणाऱ्या साध्या गिटारसाठी आहेत.

सुटे करण्याआधी मोजमाप

तारा एकदम कापू नका, सगळ्या चाव्या थोड्या थोड्या सैल करत ताण उतरवा. मोबाइलवर वरून, बाजूने आणि मागून फोटो घ्या. प्रत्येक सॅडल, म्हणजे तार टेकते तो ब्रिजवरचा छोटा तुकडा, ब्रिजच्या प्लेटपासून किती उंच आहे आणि मागच्या कडेपासून किती पुढे आहे, हे व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. व्हर्नियर नसेल तर स्टीलच्या पट्टीनेही भागतं. ही दहा मिनिटं वाचवलीत तर जोडताना संध्याकाळ जाते.

स्क्रू एका वाटीत ओतू नका. पुठ्ठ्यावर गिटारचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. पिकगार्डचे, ब्रिजचे आणि ट्यूनरचे स्क्रू सारखेच दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू उथळ भोकात फिरवला तर लाकूड फुटतं. सॅडलच्या उंचीच्या बारीक स्क्रूंना अमेरिकी बनावटीत बहुधा ०.०५० इंचाची ॲलन की लागते आणि आशियाई बनावटीत १.५ मिलिमीटरची. जवळच्या मापाची की जबरदस्तीने घातली तर डोकं गुळगुळीत होतं आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. अडकलेल्या स्क्रूवर आटे सुटे करणारं तेल टोकाने एक थेंब सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. गंजाची पकड त्या उलट्या झटक्याने तुटते.

दोन ठिकाणी घाई नको. ब्रिजला आतून एक अर्थची वायर येते. ती ट्रेमोलोच्या, म्हणजे दांड्याने हलवता येणाऱ्या ब्रिजच्या, मागच्या पट्टीला डाग देऊन जोडलेली असते, किंवा ब्रिजच्या खांबाच्या बुशाखाली नुसती दाबून बसवलेली असते. म्हणून लाकडात ठोकलेले बुश उपसू नका. दुसरं, पिकअपची धातूची झाकणं काढू नका. ती तळाच्या पट्टीला सोल्डरने धरलेली असतात आणि आत बहुधा मेण भरलेलं असतं. डाग सोडवायला दिलेल्या उष्णतेने मेण वितळतं, केसाहून बारीक तार तुटू शकते, आणि मेणाची पकड सुटली की मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारायला लागतो.

धातू ओळखणं

लोहचुंबक घ्या. जोरात चिकटला तर आत पोलाद आहे. चिकटलाच नाही किंवा जेमतेम ओढला गेला तर आत पितळ, जस्ताचं ओतकाम किंवा जर्मन सिल्व्हर. जेमतेम ओढ का, तर निकेल हा धातू स्वतःच थोडा चुंबकाला लागतो. मग तुकडा हातात तोला. पितळ जड लागतं, त्याच मापाचं जस्ताचं ओतकाम हलकं लागतं. तरी खात्री होत नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर सुईने बारीक रेघ मारा. पिवळी निघाली तर पितळ, राखाडी निघाली आणि चुंबक लागत नसेल तर जस्त.

गंजाचा रंगही बोलतो. तांबूस-तपकिरी म्हणजे पोलाद, हिरवट म्हणजे पितळ किंवा तांब्याचा थर. पांढरी भुकटी आणि मुलाम्याला आलेले फोड म्हणजे जस्त. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारमध्ये ब्रिजचा सांगाडा, बंद पाठीचे ट्यूनर आणि ट्रेमोलोचा ठोकळा हे बहुधा जस्ताचे असतात. पिकअपची चांगली झाकणं जर्मन सिल्व्हरची असतात. त्या मिश्रधातूत चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं.

आता मुलामा. निळसर झाक असलेला, आरशासारखा थंड चमकणारा तो क्रोम. किंचित उबदार, पिवळट झाकेचा आणि काळाबरोबर धुरकट होणारा तो निकेल. गिब्सन कंपनीने साधारण १९६५ च्या सुमारास निकेल सोडून क्रोम घेतलं, म्हणून त्या वळणाच्या जुन्या गिटारवर निकेलचाच धूसरपणा शोभतो. क्रोम एकटा कधीच नसतो. त्याच्याखाली निकेल असतं आणि बऱ्याचदा निकेलखाली तांबं. वरचा क्रोमचा थर अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही पातळ असतो. धातू वाचवण्याचं खरं काम निकेल करतं, क्रोम फक्त रंग आणि कडकपणा देतो. सोनेरी मुलामा याहून नाजूक. तो बहुतेक गिटारवर एका मायक्रॉनलाही पोचत नाही, म्हणून तळवा टेकतो तिथे तो सगळ्यात आधी उडतो.

सफाई

इथेच निम्मी गिटार सुधारते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका, जुना मऊ ब्रश घ्या, आणि गिटारपासून सुटे केलेले ब्रिज, सॅडल, प्लेट आणि स्क्रू धुऊन काढा. घामाचं मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून आधी साबण आणि पाणी, मग दुसरं काही. चिकट काळा थर राहिलाच तर पांढऱ्या पेट्रोलने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब. थिनर मात्र गिटारच्या जवळ आणू नका. नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनरच्या एका थेंबाने मऊ पडतो. धुतलेले भाग हेअर ड्रायरने कोरडे करा. आट्यांत राहिलेलं पाणी दुसऱ्या दिवशी गंज होऊन बाहेर येतं.

उघड्या पाठीचे ट्यूनर पांढऱ्या पेट्रोलने धुऊन दात्यांना ग्रीसचा किंचित हात द्या. बंद पाठीचे ट्यूनर उघडू नका आणि पाण्यात टाकू नका, आतलं ग्रीस एकदाच भरलेलं असतं. ते बाहेरून ओल्या फडक्याने पुसले की झालं.

पिकअपच्या आसपास स्टील वूल वापरू नका. त्याचे कण चुंबकाला चिकटतात, झाकणाच्या कडेने आत शिरतात आणि तिथेच गंजतात. झाकण जागेवरच पुसायचं असेल तर भोवतीचं लाकूड आणि उघडे पोल (पिकअपचे चुंबकी खिळे) मास्किंग टेपने झाका, पॉलिश फडक्यावर घ्या, थेट झाकणावर ओतू नका.

मुलाम्याप्रमाणे उपाय

क्रोमवरच्या तांबूस ठिपक्यांसाठी घरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असल्याने मुलाम्यावर चरा पडत नाही, पण गंज निघतो. नंतर धुवा, वाळवा आणि गाडीला लावतात ते कार्नोबा मेण पातळ लावून पुसा. मेण छिद्रं बुजवतं, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात ओल आत जायला वाट कमी राहते. ठिपका खड्ड्याचा झाला असेल तर तो जाणार नाही. तिथे क्रोम आणि निकेल दोन्ही फुटलेले असतात, चोळत बसलात तर भोवतालचा चांगला मुलामाही सुटतो.

निकेलचा धूसरपणा ब्रासोसारख्या पॉलिशने जातो, पण पॉलिश दर वेळी थोडं निकेल घेऊनच जातं. वर्षाकाठी एकदा, तेही हलक्या हाताने. कडांवर आणि कोपऱ्यांवर फडकं दाबू नका, पिवळं पितळ पहिल्यांदा तिथेच डोकावतं. चिंच, लिंबू किंवा पितळेची भांडी घासायची पावडर आपल्याकडे घरोघरी असते आणि समईला ती उत्तम. निकेल-क्रोमच्या भागांना मात्र ती लावू नका. त्यातलं आम्ल मुलाम्याच्या फटीतून शिरून आतलं जस्त किंवा पोलाद खातं.

सोनेरी मुलाम्याला साबण-पाण्यापलीकडे काही लावू नका. तो अर्धामुर्धा उडाला असेल आणि दिसायला वाईट वाटत असेल, तर मला एक वेगळा मार्ग जास्त पटतो: ब्रासोने उरलेलं सोनंही पूर्ण काढून टाका. खालचं निकेल शाबूत असेल तर तासाभरात तुमच्या हाती एकसारखा, उबदार रुपेरी भाग येतो. एक खबरदारी, ज्यांच्या कातडीला निकेल सोसत नाही, खाज सुटते, त्यांनी हा मार्ग घेऊ नये.

काळ्या धातूकामाचे प्रकार अनेक. काळे ॲलन स्क्रू बहुधा पोलादाचे असतात आणि त्यांच्यावरचा काळा थर इतका पातळ असतो की घामाने गंजतातच. त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात नियमाने द्यावा लागतो. बंदुकीच्या नळ्या काळ्या करायचं थंड रसायन मिळतं, पण ते फक्त उघड्या पोलादावर चालतं. पितळ-जस्तावर हवा तो रंग येत नाही, आणि त्यात विषारी सेलेनियम असल्याने हातमोजे लागतात.

पोलादाचा गंज काढणं

जिथे मुलामा पूर्ण गेला आहे आणि आत नक्की पोलाद आहे, तिथेच हे करा. एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात ते मिळतं. स्क्रू आणि पोलादी सॅडल त्यात बुडवा, दर वीस मिनिटांनी काढून ब्रशने घासा. तास-दीड तासात गंज सुटतो. मग साध्या पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, पुन्हा धुवा, आणि ताबडतोब ड्रायरखाली धरा. उघडं पोलाद काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं, म्हणून गरम असतानाच तेल लावा.

जस्त या पाण्यात टाकू नका, बुडबुडे येऊन विरघळायला लागतं. ट्रेमोलोच्या स्प्रिंगाही टाकू नका. आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं, मग ताणाखाली स्प्रिंग तुटू शकते. नव्या स्प्रिंगा फार महाग नसतात, बदलून टाका. कुलूपबंद ट्रेमोलोची जी धार खांबावर टेकते, तिला पॉलिश पेपर, आम्ल, मुलामा यातलं काहीच लावू नका. गिटार सुरात परत येते ती त्या धारेच्या जोरावर.

मुलामा पूर्ण उतरवून उघडं पितळ ठेवणं

भाग पितळेचा असेल आणि निकेल पापुद्र्यांनी सुटत असेल, तर तो पितळेचाच ठेवावा. दिसायला सुंदर, सांभाळायला सोपा. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४०० नंबरपासून सुरुवात करा, मग ६००, १०००, १५०० आणि २०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. घाई करून नंबर वगळला तर ४०० च्या रेघा शेवटच्या चमकेतही दिसतात. कोरडं घासू नका. पितळेत थोडं शिसं असू शकतं आणि निकेलची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. ओलं घासा आणि हात धुऊनच जेवा. शेवटी ब्रासो, धुणं, मेण. काही महिन्यांनी पितळ काळपट होईल, तेव्हा पुन्हा एक हात.

मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बॅटरी लावून घरी मुलामा उतरवायच्या युक्त्या फिरत असतात. क्रोमच्या भागांवर हे करू नका. त्यातून सहा-संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं, ते कर्करोगाला कारण होतं, आणि मिठामुळे क्लोरीन वायूही सुटतो. पुन्हा उरलेलं पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न राहतोच.

सॅडलची गोष्ट वेगळी. तार जिथे टेकते ती रेघ सोडून बाकी सगळीकडे घासा. मिरजेत सतारीची जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घडण) काढणारे कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर कानस कशी चालवतात ते एकदा पाहून या: दोन हात मारले की तार लावून ऐकायचं, मगच पुढचा हात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे हीच पिढ्यांची सवय आहे. गिटारच्या सॅडलला जवारी नसते, पण तारेच्या टेकण्याला तीच काळजी हवी. खाच रुंद झाली तर तार झणझणते, खाचेला धार राहिली तर तार तिथेच तुटते.

कारखान्यात द्यायचं असेल तर

पुरता नवा निकेल-क्रोमचा मुलामा हवा असेल तर तो घरी होत नाही. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत मुलाम्याचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. सोनेरी मुलाम्यासाठी सराफ कट्ट्यावर गिलिटाचं काम कुठे होतं ते विचारा, चांदीच्या कारागिरीसाठी हुपरी आहेच. काम देताना भाग जस्ताचा असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. जस्ताला आधी अल्कधर्मी तांब्याचा थर लागतो. तो न देता आम्लाच्या हौदात टाकला तर भाग खराब होतो, आणि त्यात मुलामेवाल्याचा दोष नसतो.

आणखी काही सूचना. बारीक स्क्रू देऊ नका, आट्यांवर थर बसला की ते फिरत नाहीत. आटे असलेली भोकं बुजवून घ्यायला सांगा. मुलामा कडांवर जास्त आणि खळग्यांत कमी चढतो, म्हणून सॅडलच्या खाचा परत आल्यावर तपासाव्या लागतात. बफ मारताना गोलाई आणि अक्षरं पुसली जातात, ब्रिजवर कोरलेलं नाव राखायचं असेल तर आधीच बजावा. पिकअपचं झाकण आधीपासूनच सुटं असेल आणि ते देणार असाल, तर त्याला तांब्याचा जाड थर नको. तांबं वीज फार चांगली वाहतं, झाकणात भोवरा-प्रवाह वाढतात आणि वरचे स्वर थोडे दबतात.

काळा रंग हवा असेल तर पावडर कोटिंग स्वस्त आणि टणक. पण ते भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात. प्लास्टिक आणि रबर आधी काढावं लागतं, आणि जस्ताच्या ओतकामात अडकलेली हवा भाजताना बाहेर येऊन फुगे उठतात. आधी एकदा नुसतंच भाजून घ्यायला सांगितलं तर ते कमी होतात. मागची प्लेट, जॅकची (केबल लावायच्या जागेची) प्लेट, पट्ट्याची बटणं यांना हे उत्तम. सॅडलला नको. बाजारात मिळणारा रुपेरी स्प्रे क्रोमची जागा कधीच घेत नाही, आणि तळवा टेकतो तिथे महिन्याभरात निघतो.

जोडणी आणि तपासणी

लाकडात जाणारा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् करून जुन्या आट्यांत बसला की मगच घट्ट करा. आट्यांवर कोरड्या साबणाचा किंवा मेणाचा हात द्या. भोक सैल झालं असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेली दातकोरणी घालून वाळू द्या.

रंग किंवा पावडर कोटिंग केलं असेल तर ही पायरी चुकवू नका. रंग वीज अडवतो. अर्थची वायर जिथे ब्रिजला लागते ती जागा, सॅडलखालची प्लेट आणि खांबांचे आटे पॉलिश पेपरने उघडे करा. मग मल्टिमीटरचं एक टोक जॅकच्या बाहेरच्या भागाला आणि दुसरं प्रत्येक तारेला लावा. एक-दोन ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. नाही आला, तर ॲम्प्लिफायर लावल्यावर गिटार घोंगावेल आणि तारांवर हात ठेवूनही आवाज कमी होणार नाही.

सॅडल टिपलेल्या मापावर बसवा, नव्या तारा चढवा, सूर लावा. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरला तर पुढे. मुलाम्याच्या थराने उंची किंचित बदललेली असते, म्हणून जुनी मापं ही सुरुवात समजा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ठाऊक आहे की पुराचा गाळ धातूवर सुकला की ओल धरून ठेवतो. अशी गिटार हाती आली तर लाकूड सावलीत सावकाश वाळू द्या, पण धातूचे भाग त्याच दिवशी सुटे करून स्वच्छ पाण्याने धुवा. पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) आणि जॅक बदलायची तयारी ठेवा, त्यांच्या आतली पट्टी गाळाने खराब होते. एरवी वाजवून झालं की ब्रिज आणि तारा सुती फडक्याने पुसा. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, तिचा रंग बदलला की बदला, आणि पंधरवड्यातून एकदा पेटी उघडून ब्रिजवर नजर टाका. ठिपका ताजा असेल तर फडक्यानेच निघतो.